दोष कुणाला दिसतो?



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘नाक’ म्हणाले. फोनवर पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग अदबीने विचारणा झाली, ‘मॅडम, पत्रिकेत जरा भारदस्त काही छापता येईल का?’ म्हणून पत्रिकेत ‘सौंदर्यशस्त्रक्रिया आणि स्त्रियांचे मानसिक आरोग्य’ असं छापलं गेलं. मी मात्र बोलणार आहे ते बहुतांशी नाकाबद्दलच.

आणि पुण्यात नाकाबद्दल बोलायला संकोच कसला? प्लॅस्टिक सर्जरीच्या इतिहासात या शहराचं नाव आलंय ते नाकामुळेच. तिसऱ्या म्हैसूर युद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा गडी टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभर तो बिननाकाचा वावरला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळावरची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ च्या अंकात ही हकिगत चित्रासह छापली. तिच्या आधारे जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने १८१४ मध्ये लंडनमध्ये ती शस्त्रक्रिया केली आणि तिथून ती युरोपभर गेली. सुश्रुताचं नाव आपण अभिमानाने घेतो. त्या विटा पाडणाऱ्याचं नाव लिहून ठेवावं असं त्या पत्रलेखकाला काही वाटलं नाही.

कावसजीच्या बाबतीत एक गोष्ट वादाच्या पलीकडची होती. त्याला नाक नव्हतं. ते त्याला कळत होतं, त्याच्या शेजाऱ्यांना दिसत होतं, त्याच्या साहेबालाही दिसत होतं. मी आज ज्या बायकांबद्दल बोलणार आहे त्यांच्या बाबतीत नेमकं एवढंच नसतं.

अशी एक बाई तुमच्यासमोर उभी करते. ओळख पटू नये म्हणून अनेकींचे तपशील एकत्र केले आहेत, त्यामुळे ती कुणीच नाही आणि बऱ्याच जणी आहे. वय पंचविशीच्या आसपास, नोकरी चांगली. नाकाच्या दांडीवर तिला एक उंचवटा दिसतो. सकाळी ऑफिसला निघायला उशीर होतो, कारण आरशापुढून हलता येत नाही. आरसा झाला की मोबाइलचा कॅमेरा, मग लिफ्टमधलं स्टील, मग उभ्या गाडीची काच. बसमध्ये ती नेमाने एकाच बाजूला बसते, म्हणजे शेजारच्याला डावी बाजू दिसू नये. करोनाच्या काळात सगळं जग मास्कला वैतागलं होतं, तेव्हा तिला मात्र कितीतरी वर्षांनी बरं वाटलं. लग्नाची स्थळं येतात. फोटो पाठवायची वेळ आली की ती आजारी पडते. घरात रोज एकच संवाद होतो.

‘आई, खरं सांग, जास्त दिसतंय ना आज?’

‘अगं, काहीसुद्धा नाहीये तुझ्या नाकाला.’

‘तू आई आहेस म्हणून असं म्हणतेस.’

साठवलेल्या पैशांतून तिने नाकाची सर्जरी करून घेतली. पहिले तीन-चार महिने बरे गेले. मग नाकपुड्या असमान आहेत असं वाटू लागलं. दुसरी सर्जरी झाली. आता हनुवटी मागे गेल्यासारखी वाटते, आणि पहिल्या सर्जनने आपलं नाक बिघडवलं याची तिला खात्री आहे. माझ्याकडे ती आपण होऊन आली नाही. झोप लागत नाही म्हणून भावाने आणली.

या आजाराला बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. आम्ही डॉक्टर मंडळी ‘बीडीडी’ म्हणतो, मीही तेच म्हणते. दिसण्यातल्या एखाद्या दोषाचा ध्यास लागतो. तो दोष इतरांना दिसत नाही किंवा अगदी किरकोळ वाटतो. त्या ध्यासापायी तपासणं, झाकणं, इतरांशी तुलना करणं, पुन्हा पुन्हा विचारणं ही चक्रं सुरू होतात आणि शिक्षण, नोकरी, नाती यांची नासाडी होते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९८७ मध्ये याला स्वतंत्र आजाराची जागा मिळाली. २०१३ च्या आवृत्तीत तो ओसीडीच्या कुटुंबात नेऊन ठेवला. ओसीडीला आपण मराठीत मंत्रचळ म्हणत आलोय. हात शंभरदा धुणारी माणसं आपण पाहिलेली असतात. त्याच जातीचा हा आजार आहे, फक्त इथे पाण्याच्या नळाऐवजी आरसा असतो.

आजार जुना आहे. जिनोव्हातल्या एन्रिको मोर्सेल्ली या मनोविकारतज्ज्ञाने १८९१ मध्येच त्याचं वर्णन लिहून ठेवलं. आपण विद्रूप झालो आहोत किंवा होणार, या भीतीने ऐन जेवणात, गप्पांत, वाचनात मध्येच गोठून जाणारी माणसं त्याने पाहिली होती. त्यानंतर सातच वर्षांनी, १८९८ मध्ये, बर्लिनमध्ये जॅक जोसेफ या सर्जनकडे एक माणूस आला. नाक मोठं, लोक बघतात, बाहेर पडवत नाही अशी त्याची तक्रार होती. जोसेफने नाक लहान केलं, माणूस खुलला, लोकांत मिसळू लागला. जोसेफने ही केस बर्लिनच्या वैद्यकीय सभेपुढे मांडली, तेव्हा त्याचा मुख्य मुद्दा नाकाचा नव्हता, मनाचा होता. निरोगी शरीरावर सुरी चालवायची परवानगी सौंदर्यशस्त्रक्रियेने मिळवली ती या मुद्द्यावर: सुरी नाकावर, गुण मनाला. मोर्सेल्लीचा रुग्ण आणि जोसेफचा रुग्ण दरवाजात उभे राहिले तर एकसारखेच दिसतील, हे तेव्हा कुणी एकमेकांना सांगितलं नाही. सव्वाशे वर्षं झाली, आजही या दोन शाखांचे डॉक्टर एकमेकांना भेटतात ते बहुतेक लग्नसमारंभांत.

आता थोडे आकडे. डेव्हिड व्हील हे लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये जगभरच्या पाहण्या एकत्र करून हिशेब मांडला. सर्वसाधारण प्रौढांमध्ये बीडीडीचं प्रमाण १.९ टक्के. त्वचारोगाच्या ओपीडीत ११.३. सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी आलेल्यांत १३.२. आणि नाकाच्या सर्जरीसाठी आलेल्यांत २०.१ टक्के. म्हणजे नाक बदलून घ्यायला आलेल्या पाच जणांत एक. मी नाकावर का अडून बसले, ते लक्षात आलं असेल.

‘बायकांना मिरवायची हौसच फार,’ असं यावर मागच्या रांगेत कुणी तरी पुटपुटणार, म्हणून आणखी एक आकडा. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हा आजार स्त्रियांत २.५ टक्के आणि पुरुषांत २.२ टक्के आढळला. फरक जवळजवळ नाहीच. पुरुष केसांवरून, दंडाच्या स्नायूंवरून झुरतात. पण सौंदर्योपचारांच्या दारात जी गर्दी असते तिच्यात दहापैकी आठांहून जास्त स्त्रिया असतात. आजार दोघांना सारखा होतो, सुरीखाली जास्त करून बाई जाते. हौसेचा तर यात मागमूस नाही. हौस असलेली बाई आरशात बघून हसते. या मुली आरशात बघून रडतात, आणि पुन्हा बघतात. कारण दर वेळी वाटतं, कदाचित या खेपेला वेगळं दिसेल.

सुरुवात बहुधा शाळेत होते. अमेरिकेतल्या अभ्यासांत सुरुवातीचं सरासरी वय सोळा-सतरा निघालं, आणि दोन तृतीयांश लोकांत अठराव्या वर्षाआधीच आजार सुरू झालेला होता. दिवसाचे तीन ते आठ तास या एका विचारात जातात. आत्महत्येचा विचार मनात येऊन गेलेल्यांचं प्रमाण या आजारात फार मोठं आहे, सुमारे ८० टक्के, आणि जवळपास चौथा हिस्सा प्रयत्नापर्यंत गेलेला असतो. या सभागृहात डॉक्टर आहेत, पार्लर चालवणाऱ्या भगिनी आहेत, त्यांनी एवढा आकडा तरी घरी न्यावा.

मग नाक दुरुस्त करून टाकलं तर काय बिघडलं? असा प्रश्न मला सर्जन मित्र विचारतात, आणि तो रास्त आहे. क्रेरँड आणि कॅथरिन फिलिप्स यांच्या गटाने २०१० मध्ये बीडीडीच्या रुग्णांनी करून घेतलेल्या शस्त्रक्रिया आणि लहान सौंदर्योपचार तपासले. ज्या अवयवावर उपचार झाले त्याची काळजी काही जणांची कमी झाली होती. पण एकूण आजारात टिकाऊ सुधारणा? २.३ टक्के उपचारांमध्ये. काळजी विझत नाही, जागा बदलते. व्हील यांच्या २००० सालच्या अभ्यासात २५ रुग्ण होते आणि त्यांनी मिळून ४६ सौंदर्योपचार करून घेतलेले होते. सगळ्यांत जास्त असमाधान नाकाच्या सर्जरीबद्दल निघालं. त्यातल्या नऊ जणांनी तर डॉक्टरांनी नकार दिल्यावर किंवा पैसे नसल्यामुळे घरीच स्वतःवर काहीबाही करून पाहिलं होतं.

मला यातून असं दिसतं की बीडीडीत सर्जरी हा फसलेला इलाज नसतो, ती आजाराचीच एक पायरी असते. आरसा पाहणं, आईला विचारणं, गुगलवर ‘बिफोर-आफ्टर’ फोटो चाळणं, सर्जनची अपॉइंटमेंट घेणं, टेबलावर झोपणं, हे सगळं एकाच ओळीत येतं. प्रत्येक कृती थोडा वेळ दिलासा देते आणि प्रत्येक दिलासा पुढच्या शंकेची सोय करतो. म्हणून ‘तिच्या समाधानासाठी एकदा करून टाकू’ हा दयाळू विचार मला मंत्रचळ लागलेल्या माणसाला महागडा साबण आणून देण्यासारखा वाटतो.

डोळ्यांचंही थोडं सांगते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत जेमी फ्यूस्नर यांनी २००७ मध्ये बारा रुग्ण आणि तेरा निरोगी लोकांना चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. काही चित्रं मुद्दाम धूसर केलेली होती, त्यांत बारकावे नव्हतेच. निरोगी माणसाचा मेंदू धूसर चेहरा अख्खा, एका नजरेत वाचतो. बीडीडीच्या रुग्णांत मात्र तिथेही मेंदूची डावी बाजू, जिचा कल तपशील हेरण्याकडे असतो, ती कामाला लागली. आणि ही छायाचित्रं त्यांची स्वतःची नव्हती, परक्यांची होती. अभ्यास लहान आहे, त्यावर मी इमला बांधणार नाही. पण ‘तू उगाच कल्पना करतेस’ असं आपण म्हणतो तेव्हा समोरची मुलगी का चिडते, ते यातून थोडं उमगतं. ती खोटं बोलत नाही. तिला चेहरा तुकड्यातुकड्यांनीच दिसतो.

मोबाइलने यात भर घातली. बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक, पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत, सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, असं २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने गणिताने दाखवून दिलं. हा भिंगाचा आणि अंतराचा खेळ आहे. पण त्याच फोटोवर बोट ठेवून मुली सर्जनला म्हणतात, ‘हे बघा ना.’ फिल्टर लावलेला स्वतःचाच चेहरा नमुना म्हणून घेऊन येणाऱ्याही असतात. तरीही सगळं खापर फोनवर फोडायला मी तयार नाही. मोर्सेल्लीच्या रुग्णांकडे फोन नव्हते.

आता एक अडचण. मघाशी मी म्हणाले की हा दोष ‘इतरांना दिसत नाही’. हे ‘इतर’ म्हणजे कोण? पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातले इतर सभ्य असतात, कुणाच्या नाकाबद्दल तोंडावर बोलत नाहीत. आपल्याकडे ‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं’ ही म्हण लहान पोरांनाही पाठ असते. ‘रंग जरा उतरलाय गं’ हे वाक्य आत्या, काकू, शेजारीण, कुणीही, चहाचा कप हातात घेतल्याघेतल्या म्हणू शकते. स्थळाच्या अपेक्षांत ‘गोरी, सडपातळ’ असं छापून येतं. मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपनीची ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये बाजारात आली. २०२० मध्ये तिच्या नावातला ‘फेअर’ गेला, मलम राहिलं. अशा समाजात सावळ्या रंगावरून झुरणाऱ्या मुलीला मी बीडीडी म्हणू का? सहसा नाही. तिला दिसलेला दोष खरोखरच पन्नास जणांनी दाखवलेला आहे. तिचं दुःख समाजाने दिलेलं आहे, त्यावर गोळी देऊन मी समाजाला मोकळं का सोडू?

पण या दोहोंमधली भिंत पातळ असते. टोमणा बी पेरतो, काहींमध्ये ते रुजतं आणि मग टोमणे थांबले तरी वाढत राहतं. ओळखायची खूण माझ्या मते ही की टोमण्याने दुखावलेली मुलगी टोमणा मारणाऱ्यापासून लांब गेली की तिला हलकं वाटतं. बीडीडीची मुलगी परदेशी गेली, जिथे तिचं नाक कुणी पाहत नाही, तरी आरसा तिच्याबरोबर जातो. माझ्या ओपीडीत न्यू जर्सीतून व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्या मुली आहेत.

रंगाच्या नादात एक वेगळाच प्रकार आपल्याकडे घडतो. औषधाच्या दुकानातून मैत्रिणीच्या सांगण्यावरून स्टेरॉइड असलेली मलमं आणायची आणि महिनोन् महिने चेहऱ्याला चोपडायची. सुरुवातीला कांती उजळते. मग त्वचा पातळ होते, लाल होते, मुरुम उठतात, लव वाढते, आणि मलम बंद केलं की आग आग होते. ज्या चेहऱ्यात दोष नव्हता त्यात आता खरा दोष आलेला असतो, आणि ‘मी सांगतच होते ना’ असं म्हणायची तिला सोय होते. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने वर्षानुवर्षं यावर आरडाओरडा केला. चिठ्ठीशिवाय या मलमांची विक्री रोखणारे नियम २०१८ मध्ये कडक झाले. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन ते किती कडक झाले हे तुम्हीच पाहा.

सर्जनची बाजूही मांडायला हवी. डेव्हिड सार्वर यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या सौंदर्यशल्यविशारदांची पाहणी केली. त्यांतल्या ८४ टक्के डॉक्टरांनी सांगितलं की रुग्ण योग्य वाटला म्हणून आम्ही शस्त्रक्रिया केली आणि नंतर लक्षात आलं की हा बीडीडी होता. ४० टक्क्यांना अशा असमाधानी रुग्णांकडून कोर्टाची किंवा मारहाणीची धमकी आलेली होती. न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २००१ मध्ये एक खटला आला. सहा वर्षांत पन्नासहून जास्त वेळा एकाच सर्जनकडे गेलेली स्त्री म्हणत होती की मला बीडीडी होता, माझी संमती खरी संमती नव्हती, आणि डॉक्टरांनी ते ओळखायला हवं होतं. ती हरली, पुरावा पुरेसा नाही असं ठरलं. मला त्या निकालापेक्षा तो पन्नास आकडा बोचतो. दुसऱ्या कुठल्याही शाखेत तोच रुग्ण पन्नासदा आला तर आपण निदान फाइल पुन्हा उघडून बघतो.

आणि माझ्या म्हणण्याला छेद देणारी गोष्टही सांगितली पाहिजे. साओ पाउलोच्या एका गटाने २०१४ मध्ये सौम्य ते मध्यम बीडीडी असलेल्या ३१ स्त्रियांवर नाकाची सर्जरी केली. एका वर्षानंतर ८१ टक्के स्त्रियांमध्ये आजाराची लक्षणं उरलेली नव्हती आणि ९० टक्के समाधानी होत्या. हा अभ्यास बाजूला सारता येत नाही. त्यात गंभीर रुग्ण नव्हते, निवड काटेकोर होती, आणि वर्षभराच्या पुढचं चित्र त्यात नाही, हे खरं. पण ‘बीडीडी म्हणजे सर्जरी कधीच नाही’ असा फतवा मी काढणार नाही. सौम्य आजार आणि डोळ्यांना दिसेल असा थोडाफार उंचवटा असं दोन्ही एकत्र असू शकतं. माझा आग्रह एवढाच की सुरीआधी कुणी तरी विचारावं.

काय विचारावं? दिवसाकाठी या विचारात किती वेळ जातो? तासाच्या वर गेला तर थांबावं. यापायी कुठे जायचं टाळता? आधी कुठे उपचार घेतले आणि त्यानंतर कसं वाटलं? सर्जरी झाल्यावर आयुष्यात काय बदलेल असं वाटतं? ‘फोटोत बरी दिसेन’ हे उत्तर ठीक. ‘मग मी जगायला सुरुवात करेन’ हे उत्तर आलं तर पेन खाली ठेवावं. पाच मिनिटांचं काम आहे. अडचण अशी की आज बऱ्याच ठिकाणी बाई डॉक्टरांपर्यंत पोचण्याआधी काउन्सेलर नावाच्या विक्रेत्याला भेटते. तिथे लग्नाआधीचं पॅकेज असतं, हप्त्यांची सोय असते, महिन्याचं टार्गेट असतं. यूट्यूबवर बघून किंवा कार्यशाळेत उभं राहून सौंदर्योपचार शिकता येत नाहीत, हे राष्ट्रीय वैद्यक आयोगाला २०२२ मध्ये लिहून द्यावं लागलं, यावरून बाजाराची तब्येत कळते.

घरच्यांसाठी थोडं. ‘छान दिसतेस’ हे रोज वीसदा सांगू नका. त्याने बरं वाटतं दहा मिनिटं, आणि अकराव्या मिनिटाला पुन्हा विचारायची गरज पेरली जाते. ‘नाकाबद्दल मी बोलणार नाही, पण तुला त्रास होतोय हे मला दिसतंय, आपण त्याबद्दल कुणाला तरी भेटू,’ असं म्हणता येतं. आईला हे जड जातं, मला ठाऊक आहे.

इलाज आहेत. विचार आणि वागणूक या दोन्हींवर काम करणारी सीबीटी आणि एसएसआरआय गटातली औषधं, ब्रिटनच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांपासून हे दोन आधार कायम आहेत. औषधाचा डोस नैराश्यातल्यापेक्षा बहुधा जास्त लागतो आणि गुण दिसायला बारा-पंधरा आठवडे जातात. चौथ्या आठवड्यात ‘फरक नाही’ म्हणून सोडू नये. सीबीटीत आरशाचा वेळ कमी करत न्यायचा, नाक न झाकता भाजी आणायला जायचं, शेजारच्याने पाहिलं तरी तिथेच उभं राहायचं, असं पायरीपायरीने चालतं. १९९५ मध्ये रोझेन आणि सहकाऱ्यांनी बीडीडी असलेल्या ५४ स्त्रियांवर अभ्यास केला. ज्यांना गटात बसवून ही पद्धत दिली त्यांच्यापैकी ८२ टक्के उपचारानंतर निदानाच्या कक्षेबाहेर आल्या होत्या. गट, आठ बैठका, दोन-दोन तास. एवढं तर तालुक्याच्या गावातही करता येईल. जिथे मानसोपचारतज्ज्ञ नाही तिथे टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, त्यावर मराठीतून बोलता येतं.

या शहरातले एक-दोन प्लॅस्टिक सर्जन हल्ली अशा मुलींना माझ्याकडे पाठवतात. ‘तुम्ही वेड्या आहात, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा’ असं ऐकलेली मुलगी येत नाही, ती पुढच्या क्लिनिकमध्ये जाते आणि तिथे सर्जरी होते. म्हणून ते तिला सांगतात, मी सर्जरी करू शकतो पण सर्जरीने तुमचा त्रास कमी होणार नाही असं मला वाटतं, आणि त्रास कमी करायचा असेल तर आधी इकडे जाऊन या, मी तुम्हाला पुन्हा भेटेन. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण दार बंद झालेलं नसतं. तरीही बऱ्याच जणी येत नाहीत. ज्या येतात त्या पर्समधून फोटोंचा गठ्ठा काढतात, आणि पहिल्या दोन-तीन भेटी मी त्यांच्याशी झोपेबद्दल, ऑफिसबद्दल, टाळलेल्या लग्नांबद्दल बोलते. नाक चांगलं आहे की वाईट, या वादात मी पडत नाही. त्या वादात आजवर कुणी जिंकलेलं मी पाहिलेलं नाही.

प्रश्नांसाठी वेळ ठेवलेला आहे. विचारा.